सव्वीस किलोचा ताण

सामना सुरू असतानाच ती रॅकेट गटिंगच्या, म्हणजे रॅकेटला तारा बसवायच्या खोलीत आली. घेऊन आलेल्या अधिकारी बाईंना धाप लागली होती.

"आजोबांची आहे. नव्या तारा हव्यात, लगेच. ताण सव्वीस किलो."

"एकवीस म्हणाला असेल," तारा बसवणारे काका म्हणाले.

"मी दोनदा विचारलं. सव्वीसच."

काकांनी रॅकेट मशीनवर चढवली आणि जुन्या तारा कापायला घेतल्या.

आजोबा अडतीस वर्षांचा होता. व्यावसायिक टेनिसच्या दौऱ्यावर त्याच्याहून वयाने मोठा खेळाडू उरला नव्हता, म्हणून बाकीच्यांनी लाडाने हे नाव ठेवलेलं. चौदा वर्षं त्याच्या रॅकेटला काकांशिवाय कुणी हात लावला नव्हता. आजोबा आपल्याला काका म्हणतो, हा विनोद काकांनी इतक्यांदा सांगितला होता, की शेजारच्या मशीनवरची माणसं आता हसायचीही बंद झाली होती.

जानेवारीत, हंगामाच्या पहिल्या स्पर्धेला, त्याने नेहमीसारखे सव्वीस किलो सांगितले होते. एप्रिलमध्ये चोवीस. गवताच्या कोर्टांवर तेवीस. सप्टेंबरपासून एकवीस. का, ते त्याने सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. तारा घट्ट असल्या की चेंडूला वेग खांद्याने द्यावा लागतो. सैल असल्या की चेंडू आपसूक उसळतो, खांद्याचे कष्ट वाचतात; पण पूर्ण ताकदीने मारलेला चेंडू मग रेषेत राहत नाही, त्याला घट्ट ताराच लागतात. वर्तमानपत्रं लिहीत होती, की आजोबाने या वयात खेळ बदलला, काय डोकं आहे बघा. डोकं होतंच. पण उजवा खांदा कामातून गेला होता, आणि हे त्याला, त्याच्या डॉक्टरांना आणि आकड्यांवरून ताडलेल्या काकांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. त्या खांद्यानिशी, कधी चेंडू कापून, कधी जाळीपलीकडे अलगद टाकून, तो वर्षातल्या शेवटच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत आला होता.

भिंतीवरच्या टीव्हीत एक-एक सेट झाला होता. समोरचा खेळाडू वीस वर्षांचा, आणि तो आता त्या अलगद चेंडूंना सरावला होता. आजोबाने चेंडू टाकायच्या आधीच तो पुढे धावून तयार असायचा.

मशीनवर आकडा लावताना काकांचा हात थबकला. शेवटचा सेट सव्वीस किलोने खेळला, तर तो हात पुन्हा डोक्यावर जाणार नाही. बावीस लावले तर? चार किलो चोरायचे, बस. कुणाला पत्ताही लागणार नाही. आजोबाला पहिल्या फटक्यात कळेल, पण तो तोंडातून ब्र काढायचा नाही.

"काका, वेळ जातोय," बाई म्हणाल्या.

"त्याचा खांदा..." काका म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

त्यांनी सव्वीस लावले. उभ्या तारा झाल्या, आडव्या झाल्या, शेवटची गाठ बसली. सोळा मिनिटं लागली. बाईंनी हात पुढे केला.

"राहू दे. मीच नेतो," काका म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी आजोबाला समोर खेळताना पाहिलं नव्हतं. सामने चालू असताना ते कायम मशीनपुढे. आज ते कोर्टाच्या दाराशी, पायऱ्यांना टेकून उभे राहिले. बाजू बदलायच्या वेळी आजोबाने रॅकेट घेतली, तळहाताने तारांवर थाप मारली आणि मान वर करून काकांकडे पाहिलं. मग सर्व्हिस करायला निघून गेला.

त्या सर्व्हिसचा आवाज कोर्टावर वर्षभरात कुणी ऐकला नव्हता. समोरचा जागेवरून हललाच नाही. चेंडू मागच्या भिंतीवर आदळल्यावर त्याने आपल्या पायांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याचे होते. दुसरी सर्व्हिस तशीच. तिसरी तशीच.

पुढचा पाऊण तास आजोबा तिशी न गाठलेल्या माणसासारखा खेळला. दोन गुणांच्या मध्ये पाठ फिरवून डाव्या हाताने उजवा हात खाली ओढून घ्यायचा, त्याचा अर्थ फक्त काकांना कळत होता. सेट बरोबरीत गेला. टायब्रेक नऊ-सातवर संपला. आजोबाचा शेवटचा फटका रेषेबाहेर चार बोटं पडला. सगळं प्रेक्षागृह उभं होतं. जिंकलेल्या खेळाडूने हात उंचावलेच नाहीत. तो जाळीला वळसा घालून पलीकडे गेला आणि त्याने आजोबाची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.

तासाभराने आजोबा गटिंगच्या खोलीत आला. उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

"हरलो, काका."

"पाहिलं."

"मला वाटलं होतं, तुम्ही गुपचूप कमी लावाल."

"लावणार होतो."

"मग?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "चौदा वर्षं आकडा तू सांगतोस," ते म्हणाले. "आजच मी कोण सांगणारा?"

आजोबा हसला. डॉक्टर बाहेर वाट बघत होते, तरी त्याने स्टूल ओढून घेतलं. मशीनवर उद्याच्या अंतिम सामन्याची रॅकेट चढवलेली होती, त्या वीस वर्षांच्या खेळाडूची. काका तार ओढू लागले. आजोबाने डाव्या हातात रीळ धरलं आणि ते जसजसे ओढत गेले, तसतशी तार सोडत राहिला.