रोटांचे गहू

गावातलं घर विकून कुंदाबाईंनी दोन्ही मुलांना देवपूरच्या नव्या कॉलनीत एकेक रो-हाऊस घेऊन दिलं. भिंत एकच, म्हणजे आईला इकडून तिकडे जायला बरं.

यंदा दोन्ही घरांत पहिल्यांदाच वेगवेगळी कानबाई देवी बसणार होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं मूठभर गहू घेतात. थोरल्या सुनेनं, भूमिकानं, सगळ्यांच्या मुठी घेऊन पिशवी बांधली.

"आई, तुमची मूठ रूपानं घेतली असेल ना?"

"बघून येते," म्हणत कुंदाबाई शेजारी धाकट्याकडे गेल्या. रूपानं गहू केव्हाच दळायला पाठवले होते.

"आई, तुमची मूठ ताईंनी घेतली ना?"

"घेतली तर."

मग त्या परत भूमिकाच्या दारात आल्या.

 

"घेतली बरं का रूपानं."