पार्मेन म्हणाला, दोन

"कुणाचा विश्वास बसणार नाही," खुर्चीत बसल्या बसल्या पार्मेनने जाहीर केलं, "पण त्या साली जी गार पडली ना, ती आपल्या चर्चच्या घुमटाएवढी होती. एकच पडली. सात बकऱ्यांनी उन्हाळाभर चाटली, तरी हिवाळ्यातल्या सणाला आम्ही त्याच गारेवर वाइन थंड केली."

शेजारचा गोगी खिडकीपाशी अक्रोड फोडत बसला होता. "मागच्या खेपेला पाच बकऱ्या होत्या."

"मधल्या काळात दोघी व्यायल्या."

नर्स नातेला हसली. शहरातून दर मंगळवारी ती या डोंगराकडच्या घरांत असाध्य दुखण्याची माणसं बघायला यायची. कुठे कण्हणं, कुठे रडणं, कुठे देवाला शिव्या. पार्मेनच्या घरी मात्र तिला चक्क करमायचं. कॅन्सर मणक्यात उतरला होता, पण म्हाताऱ्याची जीभ विशीतली.

"तर त्या गारेत..." पार्मेन म्हणाला आणि थांबला. डोळे मिटले. गोगीचा हात अक्रोडावर तसाच राहिला. नातेलानेही श्वास धरला. थांबायचं कुठे, हे याच्याकडून शिकावं, तिच्या मनात आलं. बऱ्याच वेळाने पार्मेनने डोळे उघडले. "...त्या गारेत जिवंत मासा निघाला. नाव विचारलं तर म्हणाला, गोगी."

अक्रोडाचं टरफल पार्मेनच्या अंगावर आलं.

"आता माझा प्रश्न," नातेला म्हणाली. "शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आज किती?"

"दोन."

दर वेळी दोनच. त्यावरच डॉक्टरांनी गोळी अगदी हलकी ठेवली होती. मध्येच कळ वाढली तर घ्यायला मॉर्फिनची बाटली दिली होती, ती फडताळात सील न फोडता उभी होती. पहिल्या भेटीत त्याने एवढंच विचारलं होतं, "याने जीभ जड होते का गं?" नातीचं लग्न तोंडावर होतं. ती जन्मली तेव्हा पुरलेला वाइनचा रांजण त्या दिवशी उघडायचा होता आणि मेजवानीचा म्होरक्या, म्हणजे तमादा, पार्मेनच असणार होता. तमादाने प्रत्येक प्याल्याला बोलायचं, सगळ्यांच्या बरोबरीने प्यायचं आणि एक शब्दही अडखळू द्यायचा नाही. अडखळला की गेली गावातली पत. नातेलाने समजावलं होतं, वेदना खरी सांगितलीत तर मात्रा नेमकी बसवता येते, जीभ शाबूत राहते. त्याने मान डोलावली होती.

"तुमचं इतकं छान चाललंय आजोबा," ती बॅग आवरत म्हणाली, "की आता मी महिन्यातून एकदाच आले तरी चालेल. गोळी आहे तीच ठेवायला सांगते."

"ये सावकाश. लग्न मात्र चुकवू नकोस."

तेवढ्यात दार ढकलून पार्मेनची बायको त्सियाला आत आली. ती मंगळवारी बाजारात चीज विकायला बसायची, त्यामुळे नातेलाशी तिची गाठ कधी पडली नव्हती. आज घाटात दरड आली म्हणून ती अर्ध्या वाटेवरून परतली होती. तिने टोपली खाली ठेवली आणि कुणी काही बोलायच्या आत नातेलाचा हात धरला.

"बरी सापडलीस, पोरी. याहून कमी खरंच होत नाही का गं? रात्र रात्र या खुर्चीत काढतो. आडवं होता येत नाही. तोंडात टॉवेल कोंबतो, मला ऐकू जाऊ नये म्हणून."

नातेलाला आधी कळलंच नाही. "याहून कमी?"

"हा म्हणाला, नर्सबाई सांगतात या दुखण्याला एवढंच औषध. पुढचं सोसायचं."

"मी असं कधीच म्हटलं नाही."

नातेलाने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या दोन्ही लाकडी हातांवरचं पॉलिश बोटांनी खरवडून निघालं होतं. तिला ते गोष्टीतलं थांबणं आठवलं. आजचं, मागच्या मंगळवारचं, त्याच्याही आधीचं. त्या प्रत्येक थांबण्यात ती पुढचं ऐकायला उत्सुक होऊन बसली होती.

"आजोबा," ती कशीबशी म्हणाली, "खरं किती?"

पार्मेनने बायकोकडे पाहिलं, मग फडताळातल्या बाटलीकडे. कपाळावर घामाचे थेंब होते, तरी तो हसला.

"कुणाचा विश्वास बसणार नाही," तो म्हणाला, "पण दोनच."

त्सियालाने बाटली उचलली आणि नातेलाच्या हातात दिली.

"ह्याने घरातल्या उंदराचं अस्वल केलंय, पोरी. उभ्या जन्मात ह्याच्या तोंडून लहान आकडा निघालेला नाही. खोटं बोलतोय."