तक्रार नाही

बायकोचे सगळे व्हिडिओ घरच्या लिनक्स सर्व्हरवर होते, दुसरी प्रत कुठेही नव्हती. ती गेल्यावर मी त्याच्या डिस्कची रोजची आपोआप तपासणी लावली; बिघाड दिसला की सर्व्हर मला मेल करणार होता. वर्षभरात तक्रारीचा एकही मेल आला नाही, म्हणजे डिस्क ठणठणीत, असं धरून चाललो. काल मुलगी सर्व्हर बघून म्हणाली, "अहो बाबा, डिस्क ज्या यूएसबीच्या डबीत बसवलीय, ती डिस्कचं उत्तर बाहेर येऊच देत नाही. तपासणी झालीच नाहीये!" तिने तपासणीच्या कमांडमध्ये डबीचा प्रकार लिहिला, तेव्हा उत्तर आलं आणि कळलं, डिस्क खराब व्हायला लागलीय. आम्ही धावतपळत नवी डिस्क आणली. संध्याकाळपर्यंत शेवटचा व्हिडिओ तिच्यावर सुखरूप उतरला आणि आम्ही टाळ्या पिटल्या. मग मुलगी माझ्याकडे वळली. "तुमची तपासणी कधी झाली, बाबा?" "मला काय धाड भरलीय?" "आईपण शेवटपर्यंत हेच म्हणायची. उठा, चपला घाला, दवाखाना उघडा आहे." मी चपला घातल्या.