दोन महिन्यांची नोटीस

शिवणकामावर घर तीच चालवायची. त्या दुपारी नवऱ्याने तिचं डोकं मशीनवर आपटलं, तेव्हा फुटलेल्या कपाळावर टॉवेल दाबून ती तडक खाली घरमालकिणीकडे गेली.

“मावशी, मी आजच खोली सोडते.”

“मुदतीआधी सोडायची तर दोन महिन्यांची नोटीस लागते गं. नाहीतर तेवढं भाडं डिपॉझिटमधून जातं.”

“जाऊ दे. दोन महिने थांबले तर जीव घेईल तो माझा.”

वर काहीतरी खळ्ळकन फुटलं. मावशींनी चष्मा लावून करारनामा शेवटपर्यंत वाचला आणि आपल्या दोन्ही मुलांना हाक मारली.


“वरच्याला बखोटीला धरून बाहेर काढा रे. भाडेकरू ही आहे; करारात त्याचं नावच नाही, त्याला कसली नोटीस?”