बॅटरीखालचा खड्डा

काकांची स्पोर्ट्‌स कार सठीसहामाशी बाहेर निघायची, एरवी गॅरेजात महाराणीसारखी लोळत पडायची. तिची बॅटरी मेली तेव्हा पुतणीने, म्हणजे लवंगीने, पैजच लावली, "नवी मी बसवली, तर पहिली चक्कर मी मारणार!"

"आधी बसव तर, मेकॅनिकबाई," काका हसले.

जुनीच्या मापाची बॅटरी दुकानात नव्हतीच. तिने बोटभर लहान निवडली; सैल राहिली तर बाजूला रबर कोंबता येतं. पण जुनी उचलली आणि तिला शिसारीच आली. खालचा खड्डा बुळबुळीत होता, आणि गरम. इतके महिने बंद गाडीत गरम! दात पडल्यावर जिभेला हिरडी लागते, तसा मऊ.

"ईऽऽ काका, हे लिबलिबीत आहे!"

"ग्रीस असेल गं. नखरे पुरे."

नाक मुरडत तिने बॅटरी ठेवली, वायरी जोडल्या. मग उरलेल्या फटीत रबर कोंबायला चार बोटं घातली.

"झालं का? मारू सेल्फ?" काका आत बसून ओरडले.

"थांबा!"

फट उरलीच नव्हती. बोटं बाहेर येत नव्हती, आणि दुखतही नव्हती.

आत काहीतरी लाळ गाळत, सावकाश, तिची बोटं चोखत होतं.