निळ्या रेघेचे झिंगे

गुरुप्रसादच्या टाकीसमोर महेंद्र उकिडवा बसला होता आणि गुरुप्रसाद बाजूनं मोबाइलचा उजेड पाडत होता. आधी नुसतंच शेवाळ दिसलं. मग त्यात काहीतरी हललं. तांदळाच्या दाण्याएवढे झिंगे, अगदी आरपार दिसणारे, आणि उजेड आडवा पडला की प्रत्येकाच्या पाठीवर एक निळी रेघ.

"अकरा आहेत, भाऊ. जयगडवरनं येताना सड्याखालच्या पऱ्याच्या पाण्यात मिळाले. कॉलेजचे सर सोमवारी बघायला येतायत. म्हणाले, असे अजून बघितले नाहीत."

"छान आहेत," महेंद्र म्हणाला. त्याचा जळफळाट झाला होता आणि याहून जास्त बोललं तर तो बाहेर पडला असता.

खरं तर हा नाद आधी महेंद्रचा. बिल्डिंगमध्ये पहिली काचेची टाकी त्यानंच आणली. शाळेतली कारकुनी आटोपली की तो ओढ्याकाठी बारीक जाळी घेऊन फिरायचा. गुरुप्रसाद जयगडच्या बंदरात कामाला, वर तिसऱ्या मजल्यावर राहणारा. महेंद्रचं बघूनच तो शिकला, पण त्याचं सगळं जगायचं आणि महेंद्रचे झिंगे तीनदा पटापट मेले. शेवटी गुरुप्रसादनंच येऊन विचारलं होतं, पाणी कुठलं घालता. पाणी हंड्यातलं, हंडा तांब्याचा. झिंग्यांना तांबं म्हणजे विष, एवढं सांगून तो निघून गेला होता.

तेव्हापासून महेंद्रचेही झिंगे जगत होते. साधेच, कुठल्याही ओढ्या-पऱ्यात मिळणारे. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकीनं पोटाखाली अंडी धरली, तेव्हा महेंद्रनं आनंदानं अख्खी बिल्डिंग गोळा केली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदाच घडत होतं ते. रोज सकाळी चहाच्या आधी तो ती अंडी बघायचा. पण दोनच दिवसांत वर निळ्या रेघेचे झिंगे आले आणि अंड्यांची चौकशी करायला कुणीच खाली येईना. हे त्याला फार लागलं.

त्यानं गुरुप्रसादकडे दोन झिंगे मागून बघितले. "आत्ता नको, भाऊ. जरा थांबा," गुरुप्रसाद म्हणाला. का थांबायचं, ते काही सांगितलं नाही.

गुरुवारी कळलं की शनिवारी गुरुप्रसाद बायकोला घेऊन गुहागरला सासरवाडीला जाणार, रविवारी संध्याकाळी परत. चावी नेहमीप्रमाणे महेंद्रकडे. त्याच संध्याकाळी महेंद्रनं एका तांब्याच्या लोट्यात पाणी भरलं, त्यात सात-आठ आमसुलं टाकली आणि लोटा गॅलरीत कुंड्यांच्या मागे ठेवून दिला. आमसुलानं तांब्याचं भांडं कसं लख्ख निघतं, हे त्यानं लहानपणापासून बघितलेलं. जे निघतं ते पाण्यातच उतरतं. सोमवारी सरांनी येऊन रिकामी टाकी बघावी, बाकी त्याला काही नको होतं.

शनिवारची शाळा सकाळची. बारा वाजता तो घरी आला तेव्हा बायकोनं, आम्रपालीनं, वरची मंडळी अकराच्या गाडीनं गेल्याचं सांगितलं. चावी खिळ्याला होती. आम्रपाली जरा खुशीत दिसत होती.

"टाकीत बघितलंत काय आज?" तिनं विचारलं.

"त्यात काय बघायचंय? रोजचेच तर आहेत."

"बरं बाई," म्हणून ती तव्याकडे वळली.

जेवण झालं, आम्रपाली आडवी झाली. महेंद्रनं लोट्यातलं पाणी फडक्यानं गाळलं, पिशवीत लोटा घेतला आणि वर गेला. खिडक्या बंद होत्या, वरचा पत्रा तापून खोलीची भट्टी झाली होती. टाकीतले झिंगे शेवाळात बसले असावेत. त्यानं वाकून बघितलं नाही. पाणी ओतलं, दार ओढून घेतलं आणि खाली येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मन खात होतं. पण निळी रेघ आठवली की पुन्हा बरं वाटायचं.

पाच वाजता तो परत वर गेला. सगळे तळाला पडले होते, शिजवल्यासारखे लालसर. आता त्यांच्यात कसली रेघही उरली नव्हती. त्यानं मोजले. चौदा भरले.

म्हणजे तीन लपवून ठेवले होते तर. मागितले तेव्हा जरा थांबा, आणि इकडे तीन जास्तीचे. महेंद्रला राग आला आणि त्या रागानं त्याच्या मनावरचं बरंचसं ओझं उतरलं. बरं झालं मेले, असंही त्याला वाटून गेलं.

खाली आल्यावर त्यानं चहा मागितला आणि अर्धा कप संपल्यावर सहज बोलल्यासारखं बोलला.

"गुरूचे झिंगे मेले वाटतं. वर उकाडा फार आहे."

"गुरूचे?" आम्रपाली हसली. "ते कसे मरतील? ते तर आपल्याकडे आहेत."

महेंद्रनं कप खाली ठेवला.

"सकाळी तुम्ही शाळेत गेलात आणि तो बरणी घेऊन आला. म्हणाला, वर पत्रा तापतो, हे नाजूक, टिकायचे नाहीत. भाऊंकडे गारवा आहे, त्यांच्याकडेच वाढू देत, सरांना इकडेच घेऊन येतो. अकराच्या अकरा सोडले त्यानं तुमच्या टाकीत. तुमचं तुम्हालाच दिसू दे म्हणाला, म्हणून मी गप्प होते."

महेंद्र उठून टाकीपाशी गेला. मोबाइलचा उजेड त्यानं बाजूनं धरला. शेवाळात निळ्या रेघा दिसल्या.

"आणि आपले?" त्यानं विचारलं.

"दोन जाती एका टाकीत नको म्हणाला. आपले काटक, ते वरच्या टाकीत राहतील. आणि त्याची बरणी तरी रिकामी कशी परत द्यायची? आपले सगळे घातले मी तीत, तुमची ती अंडीवाली सगळ्यांत आधी."