शुभदाच्या हातचं

माझी तान्ही रेवा आयव्हीएफची. तिच्यासोबतचे उरलेले भ्रूण आम्ही संशोधनासाठी महापेच्या एका लॅबला दिले. समोरच्या फ्लॅटमधली शुभदा तिथेच कामाला आहे. भ्रूणांपासून वाढवलेल्या स्टेमसेल ती सांभाळते.

"रविवारीही जायचं?" मी एकदा विचारलं.

"त्यांना कुठली सुट्टी, वहिनी? रोज भरवावं लागतं. गुलाबी पाणी असतं."

"कुणाच्या आहेत?"

"नावं नसतात त्यांना." ती हसली. "माझ्याच म्हणायच्या."

रोज शुभदा लॅबला पोहोचली असेल, त्याच सुमारास रेवा माझं दूध सोडते. नुसतेच घुटके घेते, ढेकर देते. लाळ पुसावी तर लाळेऱ्यावर गुलाबी डाग. माझी छाती भरून दुखत राहते.

आज शुभदाला मी मुद्दाम अडवलं. पोहे केले, परत चहा टाकला.

"वहिनी, सोडा आता. उपाशी राहतील."

"राहू देत एक दिवस."

रेवा भुकेने रडायला लागली. मी खुशीत तिला जवळ घेतलं. तिने तोंड फिरवलं आणि शुभदाकडे हात पसरले.

मग कुठूनतरी लांबून, रेवाच्याच आवाजात, आणखी एक रडणं ऐकू आलं. मग कितीतरी.

मला पान्हा फुटला.

"आले गं, आले," म्हणत उठली मात्र शुभदा.